एल-88 की झेडएल-1? शेवरोलेच्या दोन 427 मधला गोंधळ

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या गप्पांत एल-88 आणि झेडएल-1 ही शेवरोलेच्या दोन इंजिनांची नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. आता साम्यही तेवढं आहे म्हणा. दोन्ही 427 घनइंचांची, म्हणजे सात लिटरची व्ही-8. दोन्हींना ॲल्युमिनियमची हेड (सिलिंडरांवरची झाकणं), वर एकच मोठा होली कार्ब्युरेटर, जुळणी न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडा कारखान्यात. कागदावरची ताकदही तीच, 430 हॉर्सपॉवर.

हा 430 चा आकडा मात्र मनावर घेऊ नका. प्रत्यक्षात दोन्ही इंजिनं 500 च्या पलीकडे जात. त्याच सुमारास शेवरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमध्ये एल-71 हे त्यामानाने सौम्य 427 मिळे आणि त्याची छापील ताकद होती 435! हौशी गिऱ्हाइकाने मोठा आकडा बघून तेच उचलावं आणि एल-88 शर्यतवाल्यांसाठी राहावं, असा तो डाव होता, असं बहुतेक जाणकार मानतात. मलाही ते पटतं. कारण 1967 च्या एल-88 कॉर्व्हेटमध्ये रेडिओ नाही, हीटर नाही, आणि वर किमान 103 ऑक्टेनचं पेट्रोल घालण्याची चिकटवलेली ताकीद. 1967 ते 1969 या तीन वर्षांत अशा जेमतेम 216 कॉर्व्हेट सेंट लुईसच्या कारखान्यातून बाहेर पडल्या.

खरा फरक ब्लॉकमध्ये, म्हणजे सिलिंडर असलेल्या इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात. एल-88 चा ब्लॉक बिडाचा, शेवरोलेच्या नेहमीच्या नारिंगी रंगात रंगवलेला. झेडएल-1 चा ब्लॉकही ॲल्युमिनियमचा, आत सिलिंडरांना बिडाचे लायनर, म्हणजे अस्तर. त्यामुळे गाडीच्या नाकावरचं साधारण 45 किलो ओझं उतरलं. कॅन-ॲम या कॅनडा-अमेरिकेतल्या शर्यतींत मॅकलॅरेनच्या गाड्या ॲल्युमिनियमच्या 427 वर धावत होत्याच. झेडएल-1 त्याच घराण्यातलं.

आणि ते महाग. शेवरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्सने शेवरोले कॅमारोसारख्या छोट्या गाड्यांना 400 घनइंचांची मर्यादा घातली होती. त्यातून पळवाट म्हणजे कोपो 9560 ही खास ऑर्डर. इलिनॉयमधल्या ला हार्प या छोट्या गावातले विक्रेते फ्रेड गिब यांनी 1969 सालच्या अशा 50 कॅमारो मागवल्या. नुसत्या इंजिनाचे वाढीव 4,160 डॉलर, आणि साधी व्ही-8 कॅमारो त्याहून स्वस्त! गाड्या खपेनात, बऱ्याचशा कंपनीला परत गेल्या. ओहायोतल्या नॉरवुडच्या कारखान्यात एकूण 69 झेडएल-1 कॅमारो बनल्या, शिवाय दोन कॉर्व्हेट. कारखान्यातून एल-88 घेऊन निघालेली कॅमारो मात्र नाही. कोणी तसं सांगून विकत असेल तर इंजिन मागाहून बसवलेलं समजा.

ओळखायचं कसं? ब्लॉकला लोहचुंबक लावा. चिकटला तर ते झेडएल-1 नाही, विषय संपला. नाही चिकटला तरी हुरळून जाऊ नका, कारण बाजारात ॲल्युमिनियमचे नवे ब्लॉकही मिळतात. उजव्या हेडच्या पुढे ब्लॉकवर जी सपाट जागा असते तिच्यावर टोनावांडाचा ‘टी’, तारीख आणि कोड ठोकलेला असतो, पण तो घासून नवा ठोकणारेही आहेत. एल-88 कॉर्व्हेटच्या बाबतीत त्यापेक्षा भरवशाचा पुरावा पेट्रोलच्या टाकीवर असतो. सेंट लुईसला गाडीच्या जुळणीचा कागद टाकीच्या माथ्यावर चिकटवत. तो शाबूत असेल, तर ऑर्डरमध्ये एल-88 होतं की नाही ते त्यावरच वाचायला मिळतं.