सुराची रांगोळी

‘आवाज चढवणे’ या मराठी शब्दप्रयोगात दोन निराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. रागावलेला माणूस आवाज चढवतो म्हणजे जोरात बोलतो. गायक चढवतो म्हणजे वरच्या स्वराला जातो. तिसरी-चौथीच्या मुलांचा गोंधळ इथेच होतो. ‘वरचा सा लावा’ म्हटलं की निम्मा वर्ग ओरडायला लागतो. हा फरक कानाला समजावत बसण्यापेक्षा डोळ्यांना दाखवला तर लवकर कळतो. त्यासाठी एक डबा, एक फुगा आणि चिमूटभर रवा पुरतो. चित्रकलेची वही मात्र शेजारी हवी.

डबा साधारण 15 सेंमी रुंद, गोल आणि कडक भिंतीचा घ्यावा. बुडाजवळ एका बाजूला भोक पाडून त्यात वीतभर लांब प्लॅस्टिकचा पाइप बसवायचा. भोक मोठ्या माणसानेच पाडावं, पत्र्याची कड हात कापते. पाइपभोवतीची फट एम-सीलने पूर्ण बुजवायची, कारण तिथून हवा निसटली तर रवा हलतच नाही. मग गडद रंगाच्या मोठ्या फुग्याची मान कापून उरलेलं रबर डब्याच्या तोंडावर ताणायचं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने कडेला आवळायचं. ताण सगळीकडून सारखा हवा. समोरासमोरच्या दोन-दोन जागा धरून थोडं थोडं ओढत गेलं की तो साधतो. एकाच बाजूने ओढलं की चित्र हमखास तिरपं येतं.

वर बारीक, कोरडा रवा भुरभुरावा; थर दिसता कामा नये, दाणे सुटे दिसले पाहिजेत. आता एकाने पाइपात ‘ऊ’ गावं. फुंकायचं नाही, गायचं. खालच्या स्वरापासून सावकाश मींड घेत, म्हणजे मध्ये न तुटता घसरत, वर जायचं. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एका विशिष्ट स्वराला रवा एकदम नाचू लागतो. त्या स्वराला ताणलेल्या रबराच्या पडद्याची स्वतःची कंप पावण्याची गती आणि गळ्यातल्या कंपनांची गती जुळलेली असते. हार्मोनियमवर तो स्वर शोधून पट्टीवर खडूने खूण करावी.

त्याच स्वरावर मुलाला जोर वाढवायला सांगितलं, तर दाणे अधिक उंच उडतात, पण आकृती तीच राहते. जोर तेवढाच ठेवून स्वर वर नेला, तर आधीची आकृती मोडते आणि पुढच्या जुळणीला नवी उमटते. आवाजाचा जोर आणि स्वराची उंची अशी डोळ्यांदेखत वेगळी होते.

दाणे जमतात ते पडदा जिथे जवळजवळ स्थिर असतो त्या रेषांवर. हलणारा भाग त्यांना झटकून टाकतो. सर्वांत खालच्या सुराला सबंध पडदा एकदम वरखाली होतो, म्हणून रवा कडेला सरकतो. वरच्या सुरांना आत एखादं कडं दिसू लागतं. डब्यातली हवा पडद्याला सगळीकडे साधारण सारखीच ढकलते, म्हणून कडी सहज येतात. मधून जाणाऱ्या आडव्या-उभ्या रेषा दिसल्या तर बहुधा ताण असमान आहे.

मैदा किंवा टाल्कम पावडर वापरली तर चित्र उलटंच येतं. हलकी पूड पडद्याजवळच्या हवेच्या बारीक भोवऱ्यांत सापडून जिथे हालचाल जास्त तिथेच ढीग करते. याचा उलगडा मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने 1831मध्ये केला. त्यामुळे रवा आधी चाळून त्यातलं पीठ काढावं. वर्गात मात्र एकदा दोन्ही मुद्दाम करून दाखवावं, मजा येते.

वाळूच्या या आकृत्या प्रसिद्ध केल्या अर्न्स्ट क्लाड्नी या जर्मन शास्त्रज्ञाने, 1787मध्ये. त्याने धातूच्या पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढला होता. गळ्याने चित्र काढण्याची युक्ती वेल्समधल्या मार्गारेट वॉट्स ह्यूज या गायिकेची, 1885ची. वाळूवर न थांबता तिने ओले रंग वापरून काचेवर फुलांसारखे आकार उमटवले.

आपल्याकडचा धागा अधिक जवळचा आहे. साध्या गोल पडद्याच्या कंपनांची प्रमाणं 1, 1.59, 2.14, 2.30 अशी वेडीवाकडी असतात, म्हणून डफाचा आवाज ठाशीव असला तरी सुरेल नसतो. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे तोंडावरच्या चामड्यावर, शाईचा काळा गोल लेप चढवला की मध्यभाग जड होतो आणि ही प्रमाणं 1, 2, 3, 4, 5च्या जवळ येतात, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेसारखी. चं. वें. रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920मध्ये हे मांडलं आणि पुढे पुडीवर वाळू पसरून त्या आकृत्यांचे फोटोही घेतले. तबल्यावर ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या कडेपाशी हलकी टेकलेली असते, ती उगाच नव्हे. तिच्यामुळे सबंध पुडी वरखाली करणारा मूळ कंप दबतो आणि वरचा सूर मोकळा होतो.

शाळेत तबला असेल तर रवा त्यावरही टाकता येतो. पण नंतर मऊ कोरड्या कापडाने झटकावा, ओलं फडकं लावू नये, शाई सुटते.

चित्रकलेच्या तासाला जोड्या कराव्यात, एक गाणारा आणि एक काढणारा. वहीत कंपासने आधीच 5 सेंमी त्रिज्येचं वर्तुळ आखून ठेवावं, कारण स्वर पाच-सहा सेकंदच टिकतो आणि पहिल्यांदा मुलं जे दिसतं ते न काढता ओळखीचं कमळ काढतात. गाणं थांबलं तरी रवा जागेवर राहतो; तेव्हा कड्याचं कडेपासूनचं अंतर पट्टीने मोजून घ्यावं. प्रत्येक चित्राखाली स्वराचं नाव लिहावं. सलग गायला लावू नये, चक्कर येते. दर वेळी पाइपचं तोंड पुसावं.

आठवड्याने फुगा सैल पडतो आणि तीच आकृती खालच्या सुराला येऊ लागते. वहीतल्या जुन्या नोंदींमुळे हे मुलांच्याच लक्षात येतं. तबल्याच्या बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकतात ते कशासाठी, हे विचारायची वेळ तीच.