रोजची गोळी अंगात साठतच जाते?

‘रोज गोळी घेतली की औषध अंगात साठत जातं, म्हणून अधूनमधून खाडा करावा’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. अर्धा खरा आहे, म्हणूनच टिकलाय. औषध साठतं, पण एका पातळीपर्यंतच.

समजा, एका औषधाचा अर्धायुकाल २४ तास आहे, म्हणजे दिवसभरात अंगातलं निम्मं औषध निघून जातं. रोज १०० मिलिग्रॅम घेतलं, तर पहिल्या दिवशी गोळीनंतर १००. दुसऱ्या दिवशी उरलेलं ५० आणि नवं १००, म्हणजे १५०. मग १७५, मग १८७.५... आणि २०० जवळ गाडी थांबते. कारण जितकं जास्त औषध अंगात, तितकं जास्त बाहेर पडतं. २०० पैकी १०० जातं, १०० च येतं. ही स्थिर पातळी यायला साधारण चार-पाच अर्धायुकाल लागतात. गंमत म्हणजे डोस दुप्पट केला तर पातळी दुप्पट होते, वेळ मात्र तेवढाच लागतो.

थायरॉईडच्या लिव्होथायरॉक्सिनचा अर्धायुकाल जवळपास आठवड्याचा. डोस बदलल्यावर सहा-आठ आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात ते म्हणूनच. लॅबचा धंदा वाढावा म्हणून नव्हे.

अपवाद आहेत. फिट्सवरच्या फेनिटोइनचा निचरा करताना यकृताची क्षमता संपत आली, की डोस जरासा वाढवला तरी पातळी भसकन चढते. किडनी अधू असेल तर डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध साठतं. तिथे डॉक्टर डोसच कमी करतात.

आणि खाडा? वरच्या उदाहरणात पुढच्या गोळीआधी अंगात १०० असतं. एक दिवस चुकवलं की ५०.