पिट्युटरीच्या गाठीची घुसखोरी आणि अडगळीतला आरएनए

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यांना जाणाऱ्या आमच्या एका काकांची आधी बोटातली अंगठी निघेना, मग चप्पल आठाची नऊ, नऊची दहा झाली. वय झालं की पाय पसरतात, असं घरच्यांनी धरून चाललं होतं. बाजूने आलेली मोटारसायकल दिसेना, तेव्हा कुठे मिरजेला नेलं. एमआरआयच्या रिपोर्टवर पिट्युटरीची गाठ होती आणि पुढे ‘नॉस्प ग्रेड ३’.

पिट्युटरी म्हणजे मेंदूच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली वाटाण्याएवढी ग्रंथी. गाठीतून वाढीचं हार्मोन जास्त स्रवलं की हातपाय वाढतात; या आजाराला ॲक्रोमेगली हे नाव १८८६ मध्ये पिएर मारी यांनी दिलं. नाकाच्या वाटेने गाठ काढली ती पहिल्यांदा १९०७ मध्ये, ऑस्ट्रियात. या गाठी बहुधा कॅन्सरच्या नसतात, पण काही शेजारच्या कॅव्हर्नस सायनसमध्ये, म्हणजे शिरांच्या पोकळीत, घुसतात. मेंदूकडे जाणारी कॅरोटिड धमनी आणि डोळा फिरवणाऱ्या नसा तिथूनच जातात. धमनीला बिलगलेला तुकडा खरवडायला सर्जनचा हात धजत नाही.

घुसखोरी मोजायची पट्टी व्हिएन्नाच्या एंगेलबर्ट नॉस्प यांनी १९९३ मध्ये दिली. स्कॅनवर धमनीच्या कडांना धरून रेषा मारायच्या. गाठीने बाहेरची रेषा ओलांडली की ३, धमनीला पुरता वेढा घातला की ४. गाठ कुठवर गेली ते यातून कळतं. का गेली, हे त्या रेषा कशा सांगणार?

गंमत अशी की त्याच १९९३ साली अमेरिकेत व्हिक्टर ॲम्ब्रोस आणि गॅरी रुव्हकुन यांनी मिलिमीटरभर लांबीच्या एका कृमीतल्या लिन-४ची करामत उलगडली. हा जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनए, म्हणजे डीएनएवरून उतरलेली नक्कल. त्याच्यापासून प्रथिन बनत नाही. उलट तो दुसऱ्या जनुकाच्या निरोपाला (तोही आरएनएच) चिकटून त्याचं प्रथिन बनू देत नाही. आपल्या डीएनएतला प्रथिनांच्या कामाचा भाग दोन टक्क्यांहूनही कमी, आणि उरलेल्याला १९७२ पासून ‘जंक’, म्हणजे अडगळ, म्हणायची रीत पडलेली. त्यामुळे ही त्या कृमीचीच खोड असेल म्हणून फारसं कुणी लक्ष दिलं नाही. २००० मध्ये तसाच दुसरा छोटा आरएनए, लेट-७, माणसातही सापडला, मग धावपळ सुरू झाली. नोबेल यायला २०२४ उजाडलं.

पिट्युटरीचा यातला मान मोठा आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. २००३ मध्ये बोस्टनच्या गटाला मेग३ हा लांबलचक नॉनकोडिंग (प्रथिन न बनवणारा) आरएनए निरोगी पिट्युटरीत दिसला, हार्मोन न स्रवणाऱ्या गाठींत मात्र गायब! पेशींची वाढ रोखणारा ब्रेकच निघून गेलेला. २००५ मध्ये इटलीत मिआर-१५ए आणि मिआर-१६-१ हे लिन-४सारखे छोटे आरएनए पिट्युटरीच्या गाठींत कमी आढळले. जितके कमी, तितकी गाठ मोठी. घुसखोरीचा धागा मला सर्वांत पटतो तो लेट-७चा. एचएमजीए२ हे प्रथिन जास्त बनेल असे उंदीर तयार केले, तर त्यांना पिट्युटरीच्या गाठी होतात, हे २००२ मध्येच दिसलं होतं. लेट-७ नेमकं त्याच प्रथिनाला आवर घालतो. २००९ मध्ये माणसांच्या गाठी तपासल्या तेव्हा लेट-७ घटलेला, एचएमजीए२ वाढलेलं आणि गाठ शेजारी घुसलेली, असा मेळ दिसला.

पुढे अशा आरएनएंची यादी फुगतच गेली. बरेचसे अभ्यास थोड्याच गाठींवरचे, म्हणून मी ती यादी जरा हात राखूनच वाचतो. काकांच्या बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये गाठ कोणतं हार्मोन बनवते ते दाखवणारे रंग आहेत, पेशी किती झपाट्याने वाढतात ते सांगणारा केआय-६७चा आकडा आहे; आरएनएचा उल्लेखही नाही. धमनीजवळचा तुकडा आतच ठेवावा लागला. त्यासाठी दर २८ दिवसांनी इंजेक्शन, आणि सौदे चुकवून मिरजेची फेरी.