विदर्भाच्या टीममध्ये बाहेरचे किती?

रणजीची टीम जाहीर व्हायची वेळ आली की नागपुरात एक प्रश्न ठरलेला असतो: यंदा प्रोफेशनल कोण? बीसीसीआयच्या नियमाप्रमाणे राज्य संघटनेला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात, त्यांनाच प्रोफेशनल म्हणतात, आणि त्या तीन जागांवरून तर्री-पोह्याच्या ठेल्यावर जितकं भांडण होतं तितकं महापालिकेच्या निवडणुकीवरूनही होत नाही. "आपले पोट्टे काय पाणी न्यायलेच ठेवले का?" हा एक पक्ष. "काहून, ट्रॉफी नाही पाहिजे का?" हा दुसरा. दोघांनाही मागचा हिशेब आपल्या सोयीपुरताच आठवतो, म्हणून तो सुरुवातीपासून मांडलेला बरा.

आणि सुरुवातीपासून पाहिलं तर नागपूरचं दुखणं उलटंच होतं. इथले लोक बाहेर जायचे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू 1895 साली नागपुरात जन्मले, हिस्लॉप कॉलेजात शिकले, पण त्यांचं नाव कायमचं जोडलं गेलं ते इंदूरच्या होळकर संघाशी. धाकटे सी. एस. नायडूही नागपूरचेच, तेही होळकरकडून खेळले. रणजी 1934-35 ला सुरू झाली तेव्हा आपल्याकडची टीम 'मध्य प्रांत आणि वऱ्हाड' या नावाने उतरायची. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूरची राजधानी गेली, विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1957-58 पासून रणजीत 'विदर्भ' हे नाव दिसू लागलं. वेगळ्या राज्याची मागणी आजवर लटकलेली आहे. वेगळी टीम मात्र तेव्हापासून आहे, आणि म्हणूनच एका महाराष्ट्रात मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ अशा तीन रणजी टीम नांदतात.

पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं भराभर सांगता येतात, कारण सांगण्यासारखं मैदानावर फार घडलं नाही. सामने विभागवार व्हायचे. मध्य विभागात राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, रेल्वे आणि आपण. म्हणजे वर्षाकाठी चार सामने, आणि पुढे गेलो नाही तर हंगाम संपला. पोरगा नागपूरच्या क्लबांच्या गुझदर लीगमध्ये वर्षभर रेशीमबाग जिमखाना किंवा नवनिकेतनकडून धावा काढणार, आणि खऱ्या परीक्षेला त्याला चार पेपर मिळणार! त्यात साठच्या दशकातला राजस्थान म्हणजे जवळजवळ दरवर्षी फायनल गाठणारा संघ. आपल्या वाट्याला यायचं ते बहुतेक वेळा पहिल्या डावाची आघाडी गमावणं.

मैदानाबाहेर मात्र नागपूर जोरात होतं. शेषराव वानखेडे नागपूरचे महापौर होते, पुढे विधानसभेचे अध्यक्ष आणि 1980 ते 82 बीसीसीआयचे अध्यक्ष झाले. मुंबईच्या ज्या स्टेडियमचा मुंबईकरांना इतका अभिमान, त्याला आमच्या माणसाचं नाव आहे. त्यांच्यानंतर बोर्डावर आले एन. के. पी. साळवे, तेही नागपूरचेच. 1987 चा विश्वचषक इंग्लंडबाहेर आणण्यात त्यांचा वाटा मोठा. त्याच विश्वचषकात 31 ऑक्टोबरला सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध हॅटट्रिक घेतली आणि गावसकरांनी एकदिवसीय सामन्यातलं आपलं एकमेव शतक ठोकलं. पुढे शशांक मनोहर दोनदा बोर्डाचे अध्यक्ष आणि नंतर आयसीसीचे चेअरमन झाले. म्हणजे भारतीय क्रिकेट चालवायला नागपूरने माणसं दिली, कसोटी भरवायला मैदान दिलं, पण कसोटी खेळणारा विदर्भाचा माणूस? प्रशांत वैद्य 1995-96 च्या सुमारास चार वनडे खेळला. तेवढंच. पहिला कसोटीपटू मिळाला तो नोव्हेंबर 2011 मध्ये, उमेश यादव, खापरखेड्याकडच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा पोरगा. टीम रणजीत उतरल्यापासून 54 वर्षांनी.

आता पुनर्बांधणीकडे येऊ. 2002-03 पासून रणजीत एलिट (वरचा) आणि प्लेट (खालचा) असे गट पडले आणि विदर्भाला बराच काळ प्लेटमध्ये काढावा लागला. 2008 मध्ये वर्धा रोडवर जामठ्याचं स्टेडियम सुरू झालं. (ते शहरापासून इतकं लांब का, ही तक्रार पहिल्या दिवसापासून आहे आणि ती रास्त आहे.) अकादमी आली, सुब्रतो बॅनर्जींसारखा वेगवान गोलंदाजी शिकवणारा माणूस आला. आणि मग प्रोफेशनल. 2014-15 मध्ये तामिळनाडूचा बद्रीनाथ आणि कर्नाटकचा गणेश सतीश, पुढच्या वर्षी मुंबईचा वसीम जाफर. 2014-15 आणि 2015-16 अशी लागोपाठ दोन वर्षं क्वार्टर फायनल गाठली. 2017 मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले, ज्यांची शिस्त म्हणजे शाळेतल्या जुन्या पीटीच्या सरांची.

2017-18 चा हंगाम लोक 'जाफरची टीम' म्हणून सांगतात. स्कोअरकार्ड वेगळं सांगतं. त्या हंगामात 912 धावा कर्णधार फैज फजलच्या, 775 संजय रामस्वामीच्या. ईडन गार्डन्सवर कर्नाटकविरुद्धची सेमीफायनल आपण पाच धावांनी जिंकलो. कर्नाटकला 198 हवे होते, ते 192 वर संपले आणि रजनीश गुरबानीने त्या डावात सात बळी घेतले, सामन्यात बारा. गुरबानी सिव्हिल इंजिनिअर. इंदूरच्या फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली, तिन्ही त्रिफळे. त्यातला तिसरा बळी ध्रुव शोरी, 145 वर खेळणारा. मग अक्षय वाडकरचं पहिलंवहिलं प्रथम श्रेणी शतक, 133. आदित्य सरवटे 79. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने तर फायनलमध्येच पदार्पण केलं (नाव तेच, राजकारण नाही). 1 जानेवारी 2018 ला आपण नऊ विकेटनी जिंकलो. त्यानंतरच्या इराणी करंडकात (रणजी विजेते विरुद्ध शेष भारत) जाफरने 286 काढले आणि विदर्भाने 7 बाद 800 वर डाव सोडला, तेव्हा जामठ्यावर बसलेल्या लोकांना आपण नक्की कोणाला पाहतोय हेच कळेना.

पुढच्या वर्षी जाफरच्या हंगामात हजारावर धावा झाल्या, हे खरं. पण सौराष्ट्राविरुद्धची फायनल जिंकली ती सरवटेने. अकरा बळी, आणि चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत त्याच्याच हाती, 1 आणि 0.

माझं मत इथेच सांगून टाकतो. प्रोफेशनलच्या धावा मोजून काही कळत नाही. तो खेळत असताना दुसऱ्या टोकाला कोण उभं होतं आणि तो गेल्यावर त्या पोराचं काय झालं, हे पाहावं. 2025 ची फायनल या कसोटीवर घासून बघा.

त्या वर्षी सेमीफायनलमध्ये जामठ्यावर मुंबईला 80 धावांनी हरवलं होतं. वर्षभर आधी वानखेडेवरच्या फायनलमध्ये याच मुंबईने आपल्याला 169 धावांनी लोळवलं होतं, त्यामुळे अर्ध्या नागपूरच्या दृष्टीने ट्रॉफी तिथेच आली होती. समोर केरळ, आयुष्यात पहिल्यांदा फायनलमध्ये. आणि केरळला तिथवर आणणाऱ्यांत कोण, तर आपला सरवटे! तो त्याच हंगामात प्रोफेशनल म्हणून केरळला गेला होता. अहमदाबादच्या सेमीफायनलमध्ये गुजरातला पहिल्या डावाच्या आघाडीसाठी तीन धावा हव्या होत्या (सामना अनिर्णित राहिला तर आघाडीवाला जिंकतो), शेवटची जोडी होती. सरवटेच्या चेंडूवर नागवासवालाने जोरात फटका मारला, चेंडू शॉर्ट लेगला उभ्या सलमान निझारच्या हेल्मेटवर आदळून उंच उडाला आणि सचिन बेबीच्या हातात विसावला. केरळ 457, गुजरात 455.

जामठ्यावर आपली सुरुवात 3 बाद 24. मग कर्नाटकहून आलेला करुण नायर आणि नागपूरचा एकवीस वर्षांचा दानिश मालेवार यांनी 215 धावा जोडल्या. करुण 86 वर धावबाद झाला, दानिश 153 पर्यंत गेला. केरळच्या डावात सरवटेने 79 काढले, आणि त्याला बाद केलं ते हर्ष दुबेने, म्हणजे ज्याने टीममध्ये त्याची जागा घेतली त्याच डावखुऱ्या फिरकीपटूने. केरळ 37 धावांनी मागे पडलं. दुसऱ्या डावात करुणने 135 केले आणि शेवटी सरवटेच्याच चेंडूवर यष्टिचीत झाला. सामना अनिर्णित, पहिल्या डावाच्या आघाडीवर ट्रॉफी आपली, तिसरी. हर्षचे त्या हंगामात 69 बळी झाले, एका रणजी हंगामातला विक्रम. सर्वाधिक धावा यश राठोडच्या, 960. आणि 2017 ला गुरबानीने ज्याचा त्रिफळा उडवला तो ध्रुव शोरी या वेळी विदर्भाचा सलामीवीर होता, तर गुरबानी स्वतः महाराष्ट्राकडे गेलेला.

करुण नंतर कर्नाटकात परतला. त्यावर "पाहा, वापरून गेला" असं म्हणणारे भेटले. मला ते पटत नाही. तो दोन हंगाम खेळला, आणि दुसऱ्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्यासोबत उभ्या असलेल्या पोराने पुढच्याच दुलीप करंडकात मध्य विभागाकडून द्विशतक काढलं. व्यवहार आपल्याला परवडला.

जास्त विचार करायला लावतात ते इथून जाणारे. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून टी-20 खेळला आहे, 2024 च्या लिलावात बंगळुरूने त्याला 11 कोटींना घेतलं, 2025 ला तो आयपीएल जिंकलेल्या टीममध्ये होता. पण रणजीत यष्टींमागे कर्णधार वाडकर. जागा एक, माणसं दोन. जितेश बडोद्याला गेला. सी. के. गेले तेव्हा इथे खेळायला फारसं काही नव्हतं. जितेश गेला कारण इथे त्याच्या जागेवर पक्का माणूस आहे. हा फरक आपल्या लोकांच्या लक्षात येत नाही. फैज फजलही मधे काही काळ रेल्वेकडून खेळून परत आला होता आणि मग त्याच्याच हाती दोनदा ट्रॉफी आली, तेव्हा जाणाऱ्याला लगेच गद्दार ठरवू नये.

पुढच्या पोरांबद्दल बोलायचं तर नजर फक्त नागपुरावर ठेवून चालणार नाही. अथर्व तायडे अकोल्याचा, दर्शन नळकांडे वर्ध्याचा. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या अक्षय कर्णेवारने 2021 मध्ये मणिपूरविरुद्ध टी-20 त चारही षटकं निर्धाव टाकली होती. तो दोन्ही हातांनी गोलंदाजी करतो, हे बाहेरच्यांना सांगितलं तर खरं वाटत नाही. 2025 च्या जूनमध्ये जामठ्यावर विदर्भाची स्वतःची टी-20 लीग झाली. आयपीएलवाल्यांच्या नजरेस पडायला ती उपयोगी आहे, पण रणजीची टीम तिच्यावरून निवडू लागलात तर गुझदर लीगमध्ये दोन-दोन दिवस उभं राहायला कोण येईल?

आणि तीन जागांचं विचाराल तर फलंदाजीसाठी आता एकही खर्च करू नये. मालेवार, राठोड, तायडे, वाडकर असताना बाहेरचा चौथ्या क्रमांकावर आणून एक पोरगा बसवायचा कशाला? डावखुरे फिरकीपटू तर आपल्याकडे पुरून उरतात, एक केरळला दिला तरी हर्ष दुबे आहे, पार्थ रेखाडे आहे. अडचण नव्या चेंडूची आहे. उमेश 1987 चा, गुरबानी गेला, यश ठाकूर आणि नळकांडे यांच्यावर पूर्ण हंगामाचं ओझं पडतं. हिवाळ्यात सकाळी गवत असलेल्या पिचवर पहिल्या तासात दोन बळी काढून देईल असा एक वेगवान गोलंदाज आणावा. तेवढ्यासाठी खुशाल पैसे मोजा.