भजनात शांत काय होतं?

गणपतीत सिंधुदुर्गातल्या कुठल्याही वाडीत रात्री भजनाला बसा, शांतता म्हणावी असं तिथे काहीच नसतं. पखवाज दणाणतोय, झांज कानाशी वाजतेय, बुवांनी पट्टी वर चढवलीय आणि मागे कोरस जीव तोडून गातोय. तरी उसळ-पाव खाऊन उठताना माणसं म्हणतात, "बरा वाटला." या बरं वाटण्यात भक्ती आहेच, पण शरीराचाही वाटा मोठा आहे आणि त्याची सुरुवात फुप्फुसांत होते.

बुवा ओळ सांगतात, कोरस ती उचलतो. ओळ पुरी होईपर्यंत श्वास तोडायची सोय नसते. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो. गाताना मात्र तो झटकन आत घ्यायचा आणि पुरवून पुरवून सोडायचा. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर पडताना मंदावतात. मंदावण्याचं काम व्हेगस नावाच्या नसेचं. हा हृदयाचा ब्रेक. उच्छ्वास लांबला की ब्रेकवरचा पायही जास्त वेळ राहतो.

इटलीतले हृदयविज्ञानाचे संशोधक लुचानो बर्नार्डी यांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' म्हणायला लावलं. त्यांचा निबंध २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला जवळपास सहावर उतरला. आपल्या रक्तदाबात साधारण दहा सेकंदांची एक नैसर्गिक लाट असते. श्वास त्या लाटेशी जुळला आणि रक्तदाब सावरून धरणारी शरीराची यंत्रणा अधिक तल्लख झाली. मला यात गंमत वाटते ती वेगळीच: ती प्रार्थनाही अर्धी पाद्री म्हणतो, अर्धी बाकीचे. म्हणजे बुवा आणि कोरसच!

हे झालं एकट्याचं. सगळ्यांनी एकाच ओळीवर श्वास सोडला तर? स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ब्यॉर्न विकहॉफ आणि सहकाऱ्यांनी तरुण गायकांच्या हृदयाची नोंद ठेवली. एकत्र स्तोत्र गाताना त्यांचे ठोके एकाच वेळी वाढत होते, एकाच वेळी कमी होत होते. ठोक्यांचा आकडा सगळ्यांचा सारखा झाला असं नव्हे, चढउतार जुळले. २०१३ चा हा प्रयोग छोटा आहे, पण त्यामागचं कारण साधं आणि पटण्याजोगं आहे.

सगळंच श्वासावर ढकलता मात्र येत नाही. स्पेनमधल्या सान पेद्रो मान्रिके या गावी निखाऱ्यांवरून चालण्याची प्रथा आहे. तिथल्या मोजणीत, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, चालणाऱ्याच्या ठोक्यांशी त्याच्या बघ्या नातेवाइकांचे आणि मित्रांचे ठोके जुळत गेले; बाहेरून आलेल्या बघ्यांचे जुळले नाहीत. नुसत्या बसलेल्या माणसाचं हृदय आपल्या माणसाबरोबर धावलं! देवळाच्या पायरीवरून व्हिडिओ काढणाऱ्या पर्यटकाला आपलं भजन 'छान' वाटतं आणि आत बसलेल्या काकांच्या डोळ्यांत पाणी येतं, त्याचं थोडं उत्तर इथे असावं.

शेवटचा गजर हा वेगळा मामला. लय चढते, श्वास फुलतो, ठोके वाढतात. इथे ब्रेकबिक काही नाही. ऑक्सफर्डच्या होडी वल्हवणाऱ्या खेळाडूंवरचा २०१० चा अभ्यास इथे आठवतो. तेवढीच मेहनत एकट्याने केली त्यापेक्षा तालात, एकत्र केली तेव्हा त्यांची वेदना सोसायची ताकद जास्त भरली. संशोधक याचं श्रेय एंडॉर्फिनला देतात. शरीरात तयार होणारं हे वेदनाशामक सुखही देतं आणि सोबतच्या माणसांबद्दल आपलेपणाही. रात्री दोन वाजता गुडघे कुरकुरत नाहीत, ते बहुधा त्यामुळेच.

या आपलेपणाचा वेगही पाहिला गेलाय. ब्रिटनमध्ये प्रौढांचे गाण्याचे, हस्तकलेचे आणि लेखनाचे नवे वर्ग सात महिने तपासले गेले. निष्कर्ष २०१५ मध्ये आले. शेवटी तिन्हींतली जवळीक सारखीच भरली. पण गाणाऱ्यांची पहिल्याच महिन्यात जमली होती. चाकरमान्याला गावात सात महिने मिळतात कुठे? गौरी-गणपतीची रजा तेवढी असते.