गणपतीच्या हातातला दात कुठे गेला?

मागच्या गणपतीत घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायला एक चित्र हवं होतं. दरवर्षी तेच ते फॉरवर्ड नको, म्हणून फोनवरच्या एका फुकट ॲपला अथर्वशीर्षातलं वर्णनच सोप्या मराठीत लिहून दिलं. दात एक, हात चार. हातांत पाश, अंकुश आणि मोडलेला दात, चौथा हात वरदान देणारा. अंग लाल, पोट मोठं, कान सुपासारखे, वस्त्रं लाल, ध्वजावर उंदीर. चहा गाळेपर्यंत चित्र तयार. देखणं होतं, त्यात वाद नाही. पण दात दोन आणि दोन्ही शाबूत. अंग सोनेरी-गुलाबी. एका हातात मोदकांची वाटी, उंदीर ध्वज सोडून पायाशी बसलेला, आणि ‘रद’, म्हणजे तो मोडलेला दात, कुठेच नाही.

मोदक अथर्वशीर्षात आहे, नाही असं नाही. पण तो फलश्रुतीत, सहस्र मोदकांच्या हवनाच्या संदर्भात. ध्यानातल्या चार हातांत तो नाही. मी मागितलेला नसताना तो आला कुठून, हे शोधायचं तर बरंच मागे जावं लागतं.

शब्दांवरून चित्र काढण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ध्यानश्लोक पूजेत म्हणायचे खरे, पण मूर्तिकाराच्या दृष्टीने ती कामाची यादीच असते: मुखं किती, हात किती, कोणत्या हातात काय, रंग कोणता, आसन कोणतं, वाहन कोणतं. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात चित्रसूत्र येतं. तिथे वज्र राजा मार्कंडेयांकडे मूर्ती घडवायची विद्या मागतो. ऋषी म्हणतात, त्यासाठी आधी चित्र यायला हवं. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, वाद्यासाठी गाणं. राजा बिचारा मूर्ती शिकायला आलेला, त्याला थेट गायनाच्या वर्गात नेऊन बसवलं.

या यादीची शिस्त किती कडक होती, ते विष्णूच्या मूर्तींत दिसतं. शंख, चक्र, गदा, पद्म ही चार आयुधं चार हातांत मांडायच्या रीती होतात चार गुणिले तीन गुणिले दोन, म्हणजे २४. प्रत्येक मांडणीला वेगळं नाव. संध्येत ‘केशवाय नमः’पासून ‘श्रीकृष्णाय नमः’पर्यंत जी नावं घेतात, तीच ही चोवीस. चेहरा तोच, मुकुट तोच, उभं राहणं तेच, पण शंख आणि चक्र यांची अदलाबदल झाली की देवाचं नाव बदलतं. ग्रंथागणिक या याद्यांत फरक पडतो, अभ्यासक त्यावर भांडतातही. पण आयुध कोणत्या हातात हे महत्त्वाचं, याबद्दल दुमत नाही.

मग छापखाना आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ साली पुण्यात चित्रशाळा सुरू झाली आणि देवादिकांची रंगीत शिळाछापाची चित्रं घरोघरी जाऊ लागली. १८९४ साली राजा रविवर्मांनी मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि कर्जापायी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आला. दादासाहेब फाळकेही सिनेमाकडे वळण्याआधी तिथल्या ब्लॉकच्या कामात होते. ज्या घरात तोवर टाकांखेरीज देव नव्हते, तिथे कमळातली लक्ष्मी आणि वीणा घेतलेली सरस्वती भिंतीवर आली.

माझ्या मते खरा बदल इथे झाला, संगणकावर नव्हे. पुढच्या चित्रकाराला श्लोक उघडायची गरज राहिली नाही, समोर छापील नमुना होता. गोव्याच्या रघुवीर मुळगावकरांनी कॅलेंडरवरच्या देवांना जी मऊ, उजळ कांती दिली, ती महाराष्ट्रातल्या दोन पिढ्यांच्या डोळ्यांत इतकी बसली की देव म्हटलं की तोच चेहरा. चित्रावरून चित्र निघू लागलं. मोदक खाणारा गणपती जुन्या मूर्तींतही आहे. पण छापील चित्रांत तो इतका नेहमीचा झाला की हातातला दात कुणाला आठवेना.

आता संगणकाकडे. वाक्य दिलं की चित्र मिळावं, हा खटाटोप २००१ पासून तरी चाललेला आहे. त्या वर्षी अमेरिकेत ए टी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलेली ‘वर्ड्सआय’ प्रणाली वाक्याचं व्याकरण सोडवायची आणि आधीच बनवून ठेवलेल्या वस्तू सांगितल्या जागी मांडायची, बाहुलीच्या घरासारख्या. २०१५ साली टोरोंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी वेगळी वाट धरली. त्यांची चित्रं रुंदीला ३२ आणि उंचीला ३२ ठिपके, म्हणजे फोनवरच्या ॲपच्या चिन्हाहूनही बारीक. पण त्यांनी ‘निळ्या आकाशात उडणारा हत्तींचा कळप’ मागितला, आणि निळ्यावर करडे डाग आले. असा फोटो जगात नव्हता, तरी काहीतरी आलं.

त्याच वर्षी डिफ्यूजनची कल्पना मांडली गेली, २०२० साली अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी ती कामाला येईल इतकी सुधारली. केबल गेल्यावर टीव्हीवर मुंग्या यायच्या ना, तिथून सुरुवात. चित्रावर थोड्या थोड्या मुंग्या टाकत ते पार नाहीसं करायचं आणि यंत्राला त्या मुंग्या काढायला शिकवायचं. शिकलं की त्याला निव्वळ मुंग्या द्यायच्या. पुसत पुसत ते चित्र काढतं, जे कधी तिथे नव्हतंच.

पुसताना काय दिसायला हवं, हे शब्दांनी सांगायच्या सोयीचा पाया जानेवारी २०२१ मध्ये पडला. ओपनएआय या अमेरिकन कंपनीने शब्दांवरून चित्र काढणारं डाल-ई दाखवलं, ॲव्होकॅडोच्या आकाराची खुर्ची जगभर फिरली. सोबत आलेलं ‘क्लिप’ मात्र जास्त महत्त्वाचं. इंटरनेटवरची ४० कोटी चित्रं आणि त्यांच्या लगतचा मजकूर यांच्या जोड्या लावून ते कोणता शब्द कोणत्या दिसण्याशी जातो, हे शिकलं होतं. पुढे लायॉन-५बी या संग्रहात अशा ५८५ कोटी जोड्या जमल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालेलं स्टेबल डिफ्यूजन हे चित्र काढणारं यंत्र याच संग्रहातल्या मुख्यतः इंग्रजी भागावर शिकलं.

त्या जोड्यांतला मजकूर म्हणजे चित्राच्या पोटात दडलेली ओळ, आल्ट टेक्स्ट. दृष्टिहीन माणसाला पडद्यावर काय आहे ते ऐकू यावं म्हणून ती लिहायची असते. प्रत्यक्षात ‘लॉर्ड गणेशा वॉलपेपर एचडी’ एवढंच लिहून लोक मोकळे होतात. पाश कोणत्या हातात हे कुणी लिहिलं नाही, म्हणून यंत्राला ते कळलं नाही. कोणती वस्तू कोणाच्या कोणत्या हातात, यात ही यंत्रं सुरुवातीपासून कच्ची. लाल ठोकळ्यावर निळा ठोकळा मागितला तर रंग उलटेपालटे व्हायचे, तिथे चोवीस विष्णूंची काय कथा! शब्द थोडे आणि चित्रं ढीगभर असली की चित्रंच जिंकतात, आणि गणपतीची ढीगभर चित्रं म्हणजे कॅलेंडरं आणि वॉलपेपर.

ज्याने नीट वर्णन लिहिलं, त्याचं काय झालं? ग्रेग रुटकोव्स्की हा पोलंडचा चित्रकार. ड्रॅगन, किल्ले, वादळी आभाळ, ढगांतून येणारा सोनेरी झोत ही त्याची खासियत. आपली चित्रं इंटरनेटवर चढवताना तो इंग्रजीत आल्ट टेक्स्टही द्यायचा, आणि त्याची चित्रं यंत्राच्या तोंडी इतकी बसण्याचं ते एक कारण मानलं गेलं. सप्टेंबर २०२२ पर्यंत एकट्या स्टेबल डिफ्यूजनच्या प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे चित्र मागायच्या ओळीत, त्याचं नाव सुमारे ९३ हजार वेळा आल्याची बातमी होती. लोक मांजर मागतानाही शेवटी त्याचं नाव जोडत, चित्र भारी येतं म्हणून. मानधन अर्थातच शून्य.

हा झोत मग देवांवरही पडला. माझ्या त्या गणपतीच्या मागे ढगांतला महाल आणि तिरपे सोनेरी किरण होते. कैलास नव्हता, ड्रॅगनच्या घरचा उजेड होता. एकदा डोळ्यांना सवय झाली की तो प्रत्येक सणाच्या शुभेच्छेत दिसतो.

२०२३ च्या मार्चमध्ये पांढऱ्या फुगीर जॅकेटातले पोप फ्रान्सिस जगभर फिरले, आणि मिडजर्नी या तशाच यंत्राने काढलेलं ते चित्र अनेकांना खरा फोटो वाटला. पुढच्याच महिन्यात आपल्याकडे ‘एकवीस वर्षांचे श्रीराम’ आले. सोबतच्या मजकुरात म्हटलं होतं की वाल्मीकी रामायणातल्या वर्णनावरून यंत्राने हे रूप काढलं. पोपच्या चित्राची थट्टा झाली, रामाच्या चित्राला हात जोडले गेले. मला त्यात अडला तो ‘वर्णनावरून’ हा शब्द. चित्रात दिसत होता तो फोटो स्टुडिओच्या प्रकाशातला देखणा तरुण. वाल्मीकींचा राम आजानुबाहू आहे, गळ्याची हाडं न दिसणारा आहे. ते कोणी ताडून पाहिलं असेल, असं वाटत नाही.

यंदा तेच वर्णन पुन्हा देऊन पाहिलं. दोन-तीन वर्षांत ही यंत्रं खूपच सुधारली आहेत, बोटं आता पाचच येतात आणि पाटीवरची मराठीही बरीचशी वाचता येते. या खेपेला अंग लाल आलं. पाश आला, अंकुश आला, मोदक गेला. तिसऱ्या हातात दातही आला, टोकाशी मोडलेला, अगदी हवा तसा. मी झूम करून चेहरा पाहिला. सोंडेच्या दोन्ही बाजूंना दोन अखंड दात होतेच. आता तीन झाले होते.