कॅलिफोर्नियात हवा मोजणे कसे सुरू झाले

२६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर इतके दाट धुरके उतरले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे खवखवू लागले. युद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला अशीही शंका आली. मग कृत्रिम रबराचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्याकडे बोट गेले. तो बंद ठेवून पाहिला, तरी धुरके येतच राहिले. १९४७ मध्ये लॉस एंजेलिस काउंटीने, म्हणजे तिथल्या जिल्हा प्रशासनाने, हवेसाठी वेगळी यंत्रणा उभारली. पुढच्याच वर्षी, देशाच्या दुसऱ्या टोकाला, पेनसिल्व्हेनियातल्या डोनोरा गावात कारखान्यांचा धूर दरीत कोंडला आणि सुमारे २० माणसे दगावली.

पण मोजायचे नेमके काय? कॅलटेक या कॅलिफोर्नियातल्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेतले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट तोवर अननसाच्या स्वादावर काम करत होते. धुरक्याकडे वळल्यावर त्यांनी दाखवून दिले की गाड्यांमधून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून सुटणाऱ्या वायूंवर ऊन पडले की ओझोन तयार होतो. हा ओझोन कुठल्याच धुराड्यातून निघत नव्हता, हवेतच बनत होता. ओझोनने रबर तडकते. म्हणून रबराची पट्टी वाकवून हवेत ठेवायची आणि पहिला तडा जायला किती वेळ लागतो ते पाहायचे, अशी तेव्हाची एक साधी मोजणी होती. त्याच हवेत मुले शाळेत चालत जात होती.

पुढचे पाऊल मला सर्वांत मोलाचे वाटते. १९५९ मध्ये राज्याने हवेची मानके ठरवायचे काम आपल्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे सोपवले. माणसाला कशाने त्रास होतो, यावरून मर्यादा ठरू लागली. १९६७ मध्ये राज्याचे हवा संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या संघीय कायद्याने हवा ठरलेल्या मर्यादेत ठेवायची जबाबदारी सगळ्याच राज्यांवर आली.

धुळीची मोजणी मात्र बरीच वर्षे ढोबळ राहिली. आधी वजन केलेल्या गाळणकागदातून २४ तास हवा ओढायची आणि कागद पुन्हा तोलायचा. त्यात नाकातच अडकणारी जाड धूळही धरली जाई. १९९३ मध्ये सहा अमेरिकी शहरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचा धोका सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त आढळला आणि त्याचा सर्वांत घट्ट संबंध दिसला तो सूक्ष्म कणांशी. १९९७ मध्ये पीएम २.५ चे, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून बारीक कणांचे, संघीय मानक आले. त्याची वार्षिक मर्यादा तेव्हा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम होती, २०१२ मध्ये १२ झाली, २०२४ मध्ये ९.

तरीही मोजणी केंद्राचा आकडा त्या परिसराचा असतो, महामार्गाला खेटून असलेल्या घराचा नव्हे. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये कायदा करून वस्तीपातळीवर मोजणी सुरू केली. पहिल्या निवडक वस्त्यांत वेस्ट ओकलंड होते: एका बाजूला बंदर, भोवती महामार्ग, आणि मधे राहती घरे.